बाटली क्रमांक ५३-एन

पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यात मलकोवाल नावाचं गाव होतं. आज तो भाग पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथं प्लेगची लस टोचायचं काम चाललं होतं. मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून आलेल्या पाच बाटल्या त्या दिवशी उघडल्या आणि १०७ जणांना लस टोचली. लोक आपापल्या घरी गेले. दंड दुखणं, कणकण येणं हे ठरलेलंच होतं, त्याची कुणी फिकीर केली नाही. आठवडाभराने मात्र काही जणांचे जबडे घट्ट मिटायला लागले. घास उतरेना, पाणी उतरेना, पाठ धनुष्यासारखी ताणली जाऊ लागली. धनुर्वात होता. १९ माणसं गेली.

बाकीच्या ८८ जणांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. नोंदी लावून पाहिल्यावर कळलं, गेलेल्या सगळ्यांना लस एकाच बाटलीतून टोचली होती. तिचा क्रमांक ५३-एन. दोष त्या बाटलीत होता यावर तेव्हाही दुमत नव्हतं आणि आजही नाही. प्रश्न एवढाच होता की धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कुठे? परळला बाटली भरताना, की मलकोवालला तिचं बूच काढताना? एका माणसाची अब्रू आणि देशभर चाललेलं लसीचं काम या एका प्रश्नावर टांगलं होतं. उत्तराला पाच वर्षं लागली.

मी ३४ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. शेवटची बरीच वर्षं नवीन मुलामुलींना हाताला वळण लावण्यात गेली. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मलकोवाल सांगायचे. यातला तांत्रिक भाग मुलं झटकन उचलतात. मला त्यांना माणसं दाखवायची असायची: घाई झाली की माणूस काय करतो, भीती वाटली की काय करतो, अंगावर ठपका आला की काय करतो. ते पुस्तकात शिकवलं जात नाही आणि प्रयोगशाळेत रोज समोर येतं.

ध्यास

वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६०, रशियन साम्राज्यात, काळ्या समुद्राच्या बाजूला, ज्यू कुटुंबात. ओडेसाच्या विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकले. १८८१ मध्ये ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा ते बचावाला उभे राहिले, जखमी झाले, अटकेत गेले. पुढे धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळत होती. त्यांनी तो सौदा केला नाही. १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले ते ग्रंथालयातले मदतनीस म्हणून. पोटासाठी पुस्तकांचं काम आणि उरलेल्या वेळात पटकीच्या जंतूंवर प्रयोग, असं चाललं. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी स्वतःची पटकीची लस स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते कलकत्त्यात आले.

मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये. मांडवीतला पहिला रोगी सप्टेंबरात ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. ऑक्टोबरात सरकारने हाफकिनना मुंबईला बोलावून घेतलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या माणसांवर त्यांनी प्लेगची लस तयार करायला घेतली, रोज बारा-चौदा तास.

त्यांची पद्धत मला आजही फार देखणी वाटते. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. गाय किंवा डुक्कर म्हटलं की इथं कोण ती लस घेईल? म्हणून त्यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. चंबूतल्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना खालून चिकटत आणि तिथून बारीक धाग्यांसारखे खाली लोंबत वाढत, गुहेच्या छताला चुनखडीचे लोलक लोंबतात तसे. चंबू हलवला की धागे तळाला बसत आणि तुपाखाली नवे धरू लागत. चंबू स्थिर राहिला तरच ते धागे धरतात. म्हणजे काम करणाऱ्याने टेबलाला धक्काही लावायचा नाही. मुंबईत माणसं पटापट मरत असताना त्या खोलीत असा काहीही हलू न देणारा संयम चालला होता. ध्यास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धावपळ येते. मला मात्र तो स्थिर चंबू आठवतो.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांसाठी जी ठरली तिच्या कितीतरी पट. ताप आला, टोचलेली जागा ठणकली, ते उठून कामाला लागले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली. न घेतलेल्यांत रोगी आणि मृत्यू कितीतरी जास्त निघाले. तुरुंगातल्या माणसाचं 'हो' कितपत मोकळं असतं, हा प्रश्न आजच्या नजरेने विचारायलाच हवा. त्या काळी तो फारसा कुणी विचारत नव्हता. पण त्यांना टोचण्याआधी हाफकिननी तीच सुई स्वतःच्या अंगात घुसवली होती, ही गोष्टही त्याच पानावर लिहिलेली राहावी.

त्याच हंगामात पुण्यात काय चाललं होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला, गोरे शिपाई घराघरात शिरले, जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. सरकारचं नाव घेतलं तरी लोक दारं लावून घेत, आणि हाफकिनची लस येत होती ती त्याच सरकारच्या छापाने. अशा वेळीही लस राजीखुशीने घ्यावी, सक्तीने नव्हे, हा त्यांचा आग्रह राहिला. लोकांना पटावं म्हणून ते आकडे दाखवत. बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावी १८९८ मध्ये एकेका घरातल्या काहींना लस दिली आणि काहींना नाही. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्यांपैकी ३ जण गेले, न घेतलेल्यांपैकी २६. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच. खोजा मुसलमानांचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः टोचून घेतलं आणि हजारो खोजा मागोमाग आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. एका खोलीचा वाडा झाला.

घाई

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला होता. तिथल्या सरकारने मोठ्या प्रमाणावर लस टोचायचं ठरवलं आणि मागणी एकदम इतकी वाढली की परळची जुनी पद्धत तिला पुरी पडेना. तुपाच्या थेंबाखाली धागे धरायला आठवडे लागतात. हाफकिननी पद्धत बदलली. रश्शाऐवजी आगार या जेलीसारख्या पदार्थावर जंतू वाढवायचे, ते उष्णतेने मारायचे, आणि आधी लशीत जंतुनाशक म्हणून जे थोडं कार्बोलिक ॲसिड घालत असत ते आता घालायचं नाही. त्याने वेळ वाचत होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये असं कार्बोलिकविना काम आधीपासून चालू होतं.

इथं मला थांबायला लागतं, कारण या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि आदर असला की डोळा चुकतो. कार्बोलिक वगळणं शास्त्राला सोडून नव्हतं. लस उष्णतेनेच निर्जंतुक होत होती. पण बाटली परळहून निघते, आगगाडीने जाते, बैलगाडीने जाते, उन्हात राहते, आणि एका खेड्यात कुणीतरी उघडतं. त्या प्रवासात काही बिघडलं तर सांभाळायला लशीत थोडं औषध असणं ही जास्तीची कडी होती. मागणीचा रेटा असताना हाफकिननी ती कडी काढली. मी त्यांच्या जागी असते तर काढली असती का? दारात माणसं मरत असती आणि माझ्याकडे अर्धीच लस असती, तर बहुधा काढली असती. म्हणूनच मी मुलांना सांगायचे, पद्धत बदलायची असेल तर ती शांत दिवसांत बदला, रेट्याखाली नको. १९०२ मध्ये परळला शांत दिवस एकही नव्हता.

तरीही, कार्बोलिक असतं तर ती १९ माणसं वाचली असती का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते का, हे चिमट्यापाशी आल्यावर कळतं.

चिमटा

त्या काळी बाटलीचं बूच चिमट्याने काढत. चौकशीत असं निघालं की ५३-एन उघडण्याआधी तिथल्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्याच चिमट्याने बूच काढलं.

धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो, गुराघोड्यांच्या शेणालिदीत राहतो. वाईट दिवस आले की तो स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू होतो आणि वर्षानुवर्षं निजून राहतो. कार्बोलिकच्या पाण्यात तास न् तास ठेवला तरी तो तगू शकतो, मग क्षणभर बुडवल्याने काय होणार? त्याला मारायचं तर चिमटा ज्योतीत धरायला हवा, धातू लाल होईपर्यंत. पंजाबातल्या एका गावात, गुरांच्या वावरातल्या जमिनीवर पडलेला चिमटा. प्रयोगशाळेत वाढलेल्या कुणालाही हे वाक्य वाचल्यावर पुढचं वाचायची गरज उरत नाही.

आता दोन्ही बाजू मांडून बघू. समजा जंतू परळलाच शिरले होते. ५३-एन भरून एक्केचाळीस दिवस झाले होते. बंद बाटलीत, हवेविना, पोषक द्रव्यात, उबेत. धनुर्वाताच्या जंतूला याहून चांगलं घर नाही. एवढ्या दिवसांत तो भरमसाट वाढला असता, आणि तो वाढला की असा कुजका वास सोडतो की बूच काढताच हात मागे यावा. तिथल्या डॉक्टरांना बाटली उघडताना असा वास आला नव्हता. शिवाय इतके दिवस साठलेलं विष टोचलं गेलं असतं तर लक्षणं फार लवकर दिसली असती. लक्षणं आली आठवड्याने, म्हणजे अंगात गेलेले बीजाणू आधी जागे झाले, वाढले, आणि मग त्यांनी विष केलं. सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात: जंतू त्याच दिवशी शिरला होता. आणि तो त्याच दिवशी शिरला असेल, तर काही मिनिटांत टोचून झालेल्या लशीत थोडं कार्बोलिक असतं काय आणि नसतं काय. काढलेली कडी या अपघाताच्या वाटेवर नव्हतीच.

मला त्या साहाय्यकाबद्दल राग कधीच आला नाही. त्याने चिमटा तसाच वापरला नाही. त्याला जे शुद्ध वाटत होतं ते त्याने केलं. कार्बोलिक म्हणजे जंतू मरतात, हे त्या काळच्या कुठल्याही दवाखान्यातलं शहाणपण. समोर शंभर माणसं रांगेत, वरिष्ठ घाईत, आणि स्पिरिटचा दिवा पेटवायला आणखी एक मिनिट लागणार. ज्ञान अर्धवट होतं आणि वेळ कमी होता. माणसाच्या हातून होणाऱ्या मोठ्या चुका बहुतेक अशाच होतात, वाईट मनाशिवाय.

एक माझ्या प्रयोगशाळेतला प्रसंग सांगते. कामाला लागून तीन आठवडे झालेली एक मुलगी संध्याकाळी सहाच्या सुमारास माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हात मागे बांधलेले. मी नोंदवही लिहीत होते.

"मॅडम, चिमटा पडला होता माझ्या हातून. दुपारी."

"मग?"

"स्पिरिटने पुसला आणि पुढची बाटली उघडली. नंतरच्या पण त्यानेच उघडल्या. पहिली कुठली ते आठवत नाही. आठवी असेल, नाहीतर नववी."

त्या दिवशी आम्ही जंतू वाढवायचं माध्यम बारा बाटल्यांत भरून ठेवलं होतं. सकाळपासूनची मेहनत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लागणार होतं आणि वरून विचारणा होणार होती. माझ्या घशाशी शब्द आले होते. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ती माझ्याकडे न बघता वहीकडे बघत होती. दुपारपासून सहा वाजेपर्यंत हिने हे पोटात ठेवलं होतं, जेवलीही नसेल. सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. एखाद्या बाटलीत बुरशी आली असती आणि आम्ही फिल्टरला दोष दिला असता.

मी उठले, म्हटलं, "बरं केलंस सांगितलंस. चल, सगळ्या काढू." बाराच्या बारा बाटल्या ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्राला, लावून फेकल्या. मग तिला दिव्यापाशी उभं केलं आणि चिमटा ज्योतीत धरायला लावला. टोक आधी काळं पडलं, मग लालसर झालं. "इतका वेळ धरायचा," म्हटलं. ती बघत राहिली. रात्री नऊ वाजता आम्ही दोघींनी नवीन माध्यम भरलं. त्या दिवशी मी ओरडले नाही याचं श्रेय मलकोवालला आहे. आधी ती जिथं शिकली होती तिथं चूक सांगितली की चारचौघांत पाणउतारा व्हायचा, हे तिनेच पुढे मला सांगितलं. तरीही ती आली. सुई स्वतःला टोचून घेण्याचं धैर्य मोठंच. पण "माझ्या हातून पडला" असं कुणी विचारायच्या आत सांगायला लागतं ते धैर्य मला त्याच जातीचं वाटतं.

ठपका

सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, बरोबर दोन लष्करी डॉक्टर. समितीने निष्कर्ष काढला की बाटली उघडण्याआधीच दूषित झाली होती, म्हणजे परळला. कार्बोलिक वगळणं ही गंभीर चूक ठरली. चिमट्याची गोष्ट कागदांत होती, पण निष्कर्षात तिला वजन मिळालं नाही.

समितीतली माणसं अप्रामाणिक होती असं म्हणायला माझ्यापाशी काही आधार नाही, आणि तसं म्हणून प्रकरण सोपं होतं एवढंच. मला वाटतं, त्यांच्यासमोर दोन स्पष्टीकरणं होती. एक क्षुल्लक: जमिनीवर पडलेला चिमटा. दुसरं भारदस्त: मुख्य प्रयोगशाळेने पद्धत बदलली. १९ मृत्यूंचं कारण एक चिमटा, हे माणसाच्या मनाला पेलत नाही. मोठ्या दुःखाला मोठं कारण हवंसं वाटतं. त्यात ज्याने पद्धत बदलली तो आपल्यातला नव्हता. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरांच्या जगात हाफकिन डॉक्टरसुद्धा नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते, रशियातले ज्यू होते, आणि सरकारच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. बोट तिकडे वळायला पुराव्याची फार गरज पडली नाही. आपल्या घरांतही भांडं फुटलं की आधी कुणाकडे बघितलं जातं, हे आठवून पाहावं.

हाफकिनना पदावरून दूर केलं गेलं. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचाही अभिप्राय घेतला गेला. अहवाल सर्वांसाठी छापला गेला तो १९०६ च्या अखेरीस, म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी. तोवर या माणसाने काय करावं? लाखो लोकांना टोचलेली लस ज्याने बनवली, त्याच्या नावावर १९ मृत्यू लिहिले आहेत आणि कागद त्याच्या हातात नाहीत. १८९७ च्या जानेवारीतला ताप थोड्या दिवसांचा होता. हा चार वर्षांचा. हाफकिन त्या चार वर्षांत लस, आगार, उष्णता, वास, दिवस हेच बोलत आणि लिहीत राहिले. माझ्यावर अन्याय झाला म्हणून ओरडणं त्यांना अवघड नव्हतं, आणि त्यात खोटंही नव्हतं. ते बाटलीवरून नजर हलवत नव्हते. शहाणपण म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी या चार वर्षांकडे बोट दाखवीन.

रॉस

कागद छापले गेले आणि ते रोनाल्ड रॉस यांनी वाचले. रॉस हिंदुस्थानात जन्मलेले, त्याच मेडिकल सर्व्हिसमधून आलेले. १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधून १९०२ मध्ये नोबेल मिळवलेले. स्वभावाने भांडखोर. हिवतापाच्या शोधाचं श्रेय कुणाचं यावरून इटालियन शास्त्रज्ञ ग्रासी यांच्याशी त्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, आणि त्यात त्यांची शोभा वाढली असं म्हणता येणार नाही. पण तोच स्वभाव इथं कामी आला. १९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्रं लिहिली, चिमट्याचा मुद्दा उजेडात आणला, वासाचा आणला, दिवसांचा आणला. २९ जुलैच्या पत्राखाली दहा शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या, त्यात न्यूयॉर्कचे सायमन फ्लेक्सनरही होते. परळवरचा आरोप सिद्ध झालेला नाही, उलट पुरावा त्याच्या विरुद्धच जातो, असं त्यांनी ठाम सांगितलं.

स्वभावाला गुण आणि दोष अशी लेबलं चिकटवण्याची मला घाई होत नाही, ती रॉसमुळे. श्रेयासाठी जो माणूस कुणाला सोडत नव्हता, तोच दुसऱ्याच्या अब्रूसाठीही कुणाला सोडेना. हट्ट तोच, वापर वेगळा. मऊ स्वभावाची, समजूतदार माणसं त्या पाच वर्षांत दोन्ही देशांत खूप असतील. कागद समोर आल्यावर लेखणी उचलली ती या भांडखोर माणसाने.

१९०७ अखेर सरकारने माघार घेतली. हाफकिन निर्दोष ठरले आणि त्यांना पुन्हा नोकरी देऊ केली गेली. मुंबई नाही, परळ नाही. कलकत्त्यात, आणि लशीच्या चाचण्या करायच्या नाहीत या अटीवर. त्यांनी ती घेतली. वय ४७. युरोपात त्यांना मान होता, ते जाऊ शकले असते कुठेही. ते कलकत्त्याला परत आले आणि १९१४ पर्यंत राहिले. यात अपमान गिळणं होतं की जिद्द, यावर मुलांमध्ये दर वर्षी वाद व्हायचा. एक मुलगा म्हणाला होता, "मॅडम, मी असतो तर पाऊल ठेवलं नसतं." मी त्याला अडवलं नाही. मला स्वतःला वाटतं, काम जिथं होतं तिथं ते आले. परळच्या वाड्याचं दार बंद असलं तरी प्लेग अजून इथंच होता. देशात त्या साथीने एक कोटीहून जास्त माणसं नेली.

त्या १९ जणांचं काय? चौकशीत, पत्रांत, अहवालांत ते सगळीकडे आकडा म्हणून येतात. राजीखुशीने टोचून घ्यायला आलेली माणसं होती ती. हाफकिन निर्दोष ठरले म्हणजे त्यांचा प्रश्न सुटला असं झालं नाही. मी वर्गात प्रकरण सांगताना शेवट नेहमी निर्दोष सुटण्यावर करत असे. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "आणि त्यांच्या घरच्यांना कुणी सांगितलं का, की चूक कशी झाली?" तेव्हापासून मी तसा शेवट करणं सोडलं.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. तोवर मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. हाफकिन तेव्हा युरोपात राहत होते. तिथून त्यांनी पत्र पाठवलं. मुंबईच्या कामात आपल्या आयुष्याची सर्वांत चांगली वर्षं गेली असं त्यांनी लिहिलं, संस्थेचं भलं चिंतलं, आणि तिथं काम करणाऱ्या सगळ्यांना आशीर्वाद कळवले.